परसों म्हणजे कधी?

हिम्मतराव टीव्हीवर दिसले की पार्वतीबाईंची भाकरी मार खायची. एरवी बाईंचा हात हलका. पण ते गुळगुळीत हसरं तोंड पडद्यावर आलं रे आलं, की परातीतला थपथपाट शेजारच्या घरात ऐकू जायचा. "बोल बाबा, बोलून घे. तुझ्या जिभेला कुठं हाड हाय!" असं त्या पिठाकडं बघून म्हणायच्या. हैदराबादेतल्या तारनाक्याच्या त्या गल्लीत हिम्मतरावांचं भाषण चालू आहे की नाही, हे पार्वतीबाईंच्या परातीवरून कळायचं.

तसं पाहिलं तर लोकहो, घरात बसून पुढाऱ्याला शिव्या कोण देत नाही? तुम्ही देता, आम्हीही देतो. आणि तोच पुढारी भाचीच्या लग्नात आला की शर्ट झटकून त्याच्या शेजारी उभे राहतो, फोटो काढून घेतो आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवतो! राग घरात, नमस्कार बाहेर. पार्वतीबाईंच्या रागाला मात्र तसंच कारण होतं.

त्यांचे यजमान नागोराव सोनकांबळे मूळचे नांदेडकडचे. कामाच्या शोधात हैदराबादेत आले आणि गौलीगुड्यात हिम्मतरावांच्या फंक्शन हॉलवर वॉचमन म्हणून लागले. हिम्मतराव तेव्हा साधे नगरसेवक होते, मंत्रिपद पुढं मिळालं. एका लग्नात त्या हॉलला आग लागली. पुढच्या दारानं पळाले ते वाचले. नवरीला मांडवात पाठवून मागच्या खोलीत आवरत बसलेल्या बायका मागच्या लोखंडी जाळीच्या दाराकडं धावल्या, आणि त्या दाराला बाहेरून कुलूप होतं. चार बायका दाराला हात लावलेल्या अवस्थेत सापडल्या. त्यांतली एक नवरीची सख्खी बहीण होती.

कुलूप नागोरावांनी घातलं होतं, हे खरं. साहेबांच्या हुकमावरून घातलं होतं, हेही खरं. पण हिम्मतरावांनी धाडलेला वकील नागोरावांना म्हणाला, "पहिलं अर्धं तेवढं सांग. साहेबांचं नाव घेऊ नकोस. दोन-चार महिन्यांत सोडवून आणतो." नागोरावांनी ऐकलं. का ऐकलं? तर परमुलुखात हिम्मतराव म्हणजे आपला मराठी माणूस, तो आपल्याला उघड्यावर टाकणार नाही, ही वेडी खात्री! साहेबांनी टाकलंच. नागोरावांना शिक्षा लागली, आणि तुरुंगाच्या फाटकाशी साहेबांचा ड्रायव्हरसुद्धा कधी फिरकला नाही. सुटून आल्यावर 'तालेवाला' म्हणून त्यांना कुणी कामावर ठेवेना. खंगत खंगत गेला बिचारा माणूस.

त्यांची मुलगी निशिगंधा तेव्हा शाळेत होती. डबा खायला बसली की शेजारच्या मुली उठून जायच्या. "तालेवाले की बेटी है," असं एकमेकींच्या कानात सांगायच्या, आणि तेही तिला ऐकू जाईल असं. निशिगंधा रडली नाही. तिनं दात-ओठ खाऊन एकच ठरवलं, ह्या हिम्मतरावाला एक दिवस भर बाजारात नागडा करीन.

आता ती तिशीत आली होती आणि एका स्टुडिओत सिनेमाच्या पडद्याखाली येणाऱ्या ओळी लिहीत होती. हिंदी, तेलुगू, मराठी, सगळ्या. तिथंच तिला अजय भेटला. हा पुण्याचा पोरगा, राजकारणावर एक जबरदस्त थरारपट काढायचं डोक्यात घेऊन हैदराबादेत आलेला. निशिगंधानं त्याला आपल्या बापाची गोष्ट सांगितली, आणि अजयनं जागच्या जागी आपली जुनी कथा फेकून दिली.

सिनेमा तयार झाला. एक पत्रकार मुलगी मंत्र्याचं जळालेलं गुपित खणून काढते, मंत्री तिच्या मागं माणसं लावतो, पाठलाग, धमक्या, सगळं त्यात होतं. मंत्र्याचं नाव अर्थातच बदललेलं. पण अजयची शेवटासाठी एक खास कल्पना होती. पडदा काळा करायचा आणि खऱ्या साक्षीदाराचा खरा आवाज ऐकवायचा.

तो साक्षीदार म्हणजे चाँद पाशा. त्या हॉलचा जुना बावर्ची. आगीच्या वेळी हाताला भाजलेला, आता थकलेला. निशिगंधा अजयला त्याच्या घरी घेऊन गेली आणि म्हातारा माइकसमोर आपल्या दखनी उर्दूत बोलला, "आग लगी ना, उसके पहले परसोंच साब ख़ुद आए. पिछले दरवाजे कू ताला डालो बोले. नागोराव की क्या गल्ती?"

स्टुडिओत तो आवाज ऐकताना अजय खुर्चीवरून उडालाच. "परसों! म्हणजे आगीच्या दोन दिवस आधी! स्वतः येऊन हुकूम दिला आणि दोन दिवसांत चार बायका मेल्या! निशी, हा बॉम्ब आहे बॉम्ब! सगळा शेवट ह्याच्यावरच उभा करतो मी."



आणि इथंच, मंडळी, गडबड झाली. पुण्याच्या अजयला माहीत नव्हतं, पण हैदराबादेत जन्मलेल्या निशिगंधाला पक्कं माहीत होतं. ह्या शहरात 'परसों' म्हणजे कालच्या आधीचा दिवस नव्हे! परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. गेल्या आठवड्यातला, गेल्या दिवाळीतला, थोरल्या मुलाच्या बारशाचा. "परसोंच तो मिले थे अपन," असं इथला माणूस म्हणतो तेव्हा मधल्या काळात तुम्हाला दोन लेकरं झालेली असतात. चाँद पाशानं तारीख सांगितलीच नव्हती. आगीच्या आधी कधीतरी, एवढंच तो म्हणाला होता.

एक शब्द बोलायचा होता तिला, "अजय, थांब." तो तिनं गिळला. उलट तिला आतून उकळी फुटली. 'कधीतरी' ह्या शब्दाला धार नसते. 'दोन दिवस आधी' म्हटलं की सुरी होते! बाबांच्या वेळी कुणी शब्द तोलून घेतले होते? त्यांचं अर्धं वाक्य तोडलं तेव्हा कुणाचा हात थरथरला होता? मग माझाच का थरथरावा? तिनं ओळ टाइप केली, 'आगीच्या दोन दिवस आधी साहेब स्वतः आले. म्हणाले, मागच्या दाराला कुलूप ठोक.'

ट्रेलरमध्ये चाँद पाशाचा आवाज न देता, काळ्या पडद्यावर त्याच्या नावानिशी नुसती हीच ओळ गेली, हिंदी-तेलुगूतही. बघता बघता शहरभर फिरली. साहेब म्हणजे कोण, हे कुणाला सांगावं लागलं नाही. चहाच्या टपरीवर, कॉलेजात, ऑफिसात, जो तो मोबाइल पुढं करून "दो दिन पहले!" म्हणू लागला. हिम्मतराव टीव्हीवर येऊन म्हणाले, "मी कुणावर चिडत नाही. सिनेमाच्या पत्रकारांसाठीच्या खेळाला मी स्वतः येणार आहे. तिथंच बोलू." आणि हसले. ते हसणं निशिगंधाला तेव्हा जरा खटकलं, पण आनंदाच्या भरात तिनं ते सोडून दिलं.

आता एक सांगायचं राहिलं. निशिगंधा इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी बोलायची फाडफाड, पण लिहायला बसली की ऱ्हस्व-दीर्घाची दाणादाण. पार्वतीबाई नांदेडला सातवीपर्यंत शिकलेल्या आणि अक्षराच्या मोठ्या काटेकोर. त्यामुळं मराठी ओळी असल्या की लेक लॅपटॉप घरी आणायची आणि आई चष्मा चढवून चुका काढायची. ह्या सिनेमाच्या ओळी तर पार्वतीबाईंनी एकेक चवीनं वाचल्या. पडद्यावरच्या मंत्र्याची फजिती झाली की मांडीवर थाप मारायच्या. "हाण! आणखी हाण!"

शेवटची ओळ आली, ट्रेलर मोबाइलवर फिरलेला म्हणून त्यांनी अजून न पाहिलेली, आणि त्यांचं बोट थांबलं.

"हे पाशाभाई बोलले?"

"हं. रेकॉर्डिंग आहे ना माय."

"जसंच्या तसं सांग, काय बोलले?"

निशिगंधानं मान वळवली. "परसों बोलले."

"मग दोन दिवस कुठून आणलीस तू?"

"हिंदीत परसोंचा अर्थ तोच होतो. बाहेरच्या लोकांना समजायला पाहिजे ना."

"बाहेरच्या लोकांचं मला नको सांगू. तू कुठली हायस? ह्याच गावात नाळ पुरलीय तुझी. परसों म्हंजे काय, तुला ठाव न्हाई?" पार्वतीबाईंनी चष्मा काढला. "अन् दोन दिवस आधी काय होतं, ते तरी मोजलीस का?"

"काय होतं?"

"जयंती होती, निशे! बाबासाहेबांची जयंती!"

निशिगंधानं बोटांवर मोजून पाहिलं. आगीची तारीख तिला तोंडपाठ होती. दर वर्षी त्या तारखेला ती जेवत नसे. ज्या दिवसासाठी तिच्या घरात वर्षभर नवे कपडे राखून ठेवतात, तो दिवस त्या तारखेच्या अगदी मागं उभा होता आणि तिला दिसला नव्हता! रागानं माणूस आंधळा होतो म्हणतात, तो असा.

"सकाळच्या वंदनेपासून मिरवणूक संपेस्तोवर हिम्मतराव आपल्या वस्तीच्या मंडपात होता," पार्वतीबाई म्हणाल्या. "मतं पायजे होती ना त्याला. दिवसभर खुर्ची सोडला न्हाई. सगळ्या वस्तीनं बघितलंय. अन् त्याच्या गळ्यात हार कुणी घातला, सांगू? मी घातला! तुझा बाप म्हणाला, आपले साहेब हायत, घाल. त्याचा फोटो हाय. उद्या त्यानं तो फोटो भायेर काढला अन् मला कुणी विचारलं, बाई, त्या दिवशी हे कुठं होते, तर मी काय सांगू? माझ्या नवऱ्याला खाल्लेल्या माणसाच्या बाजूनं साक्ष द्यायला लावायलीस मला तू!"

"मग नको देऊ साक्ष!" निशिगंधा ओरडलीच. "गप्प बस. त्यानं काय कमी खोटं केलं? बाबांचं बोलणं कापलं तेव्हा कोण आलं होतं खरं-खोटं बघायला?"

"कुणी न्हाई आलं. म्हणून तर मेला तो! त्याचं बोलणं कापलं अन् तो गेला. आता तू पाशाभाईंचं बोलणं वाकवलीस. फोटो भायेर आला की खोटं कोण ठरंल? हिम्मतराव? न्हाई. तो म्हातारा! तुला शाळेत तालेवाले की बेटी म्हणायचे, आता त्याच्या नातवंडांना झुटे के बच्चे म्हणतील. बरं वाटंल तुला?"

 निशिगंधानं लॅपटॉप धाडकन मिटला. "म्हणजे तुला सूड नकोच आहे. असंच म्हण ना."

पार्वतीबाई ताडकन उठल्या. "मला नको? अगं, मी रोज त्याचं नाव घेऊन झोपती! त्याची खुर्ची गेलेली पायजे मला. चार लोकांत त्याची मान खाली गेलेली बघायचीय ह्या डोळ्यांनी. पण त्याला मारायचं तर खऱ्यानं मारायचं, पोरी. खोट्यानं मारलेला माणूस उठून बसतो. अन् एकदा का तो उठून बसला, की त्याचं खरं पाप सांगायला गेलं तरी लोक म्हणतात, जा, तुम्ही त्याच ना मागच्या खोट्या!"

त्या रात्री मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

सकाळी निशिगंधा चाँद पाशाकडं गेली. म्हातारा दारातच भेटला, चेहरा उतरलेला. हिम्मतरावांची माणसं येऊन गेली होती. अगदी गोड बोलून, तारीख तेवढी विचारून गेली होती.

"बेटी, मैं ऐसा कब बोला?" तो कळवळून म्हणाला. "मैं परसों बोला था ना! दो दिन कौन बोला?"

निशिगंधाला मान वर करवेना. "मी बोलले, चाचा. माझी चूक आहे," असं म्हणून तिनं हात जोडले. मग हळूच विचारलं, "परसों म्हणजे कधी, चाचा?"

"सर्दियाँ थे. बिन बुलाए लोगाँ पिछले दरवाजे से घुस को खाना खा ले रहे थे. साब कू गुस्सा आया. ख़ुद आको ताला डलवाए. उसके बाद हर शादी में ताला! हर शादी में, बेटी! चाबी भी तुम्हारे बाबा के पास नहीं छोड़े, अपने मैनेजर कू दे दिए. आग लगी तो नागोराव ताले कू पत्थर से मारता रहा, मारता रहा. मैं देखा."

निशिगंधा तिथंच पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. किल्ली बाबांकडं नव्हती! ते दगड घेऊन कुलूप फोडत होते! बाबांनी आगीबद्दल घरात कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि चाचांना तिनं कधी पूर्ण विचारलंच नव्हतं. तिला हवं तेवढं वाक्य मिळालं आणि ती उठून आली होती. आणि खोटं तरी काय रचलं होतं तिनं? दोन दिवसांचं पाप! खरं पाप तर महिनोन् महिने चाललं होतं, दर लग्नाला, भर गर्दीत, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत. तिच्या थापेपेक्षा सत्य किती तरी काळं होतं!

ती तडक स्टुडिओत गेली आणि अजयला सगळं सांगितलं. अजयचं डोकंच फिरलं. "आत्ता सांगतेस? लोक ह्या एका वाक्यासाठी थिएटरात येणार आहेत! आणि हा पिक्चर आहे निशी, कोर्ट नाही."

"तुझ्यासाठी पिक्चर आहे. माझ्या बापाला कोर्टात उभं केलं होतं," ती म्हणाली. "ओळ बदल. नाहीतर पत्रकारांना मीच सांगेन की ती ओळ खोटी आहे आणि मी लिहिली आहे."

"बदलून दाखवू काय? काळा पडदा आणि 'कधीतरी'?"

"शेकडो लोकांनी ते कुलूप पाहिलंय, अजय. लग्न होतं तिथं. लग्नात कॅमेरा असतो." बोलता बोलताच तिचे डोळे मोठे झाले. "असतोच!"

पहिली सीडी मिळाली जयवंताकडं. जयवंता पार्वतीबाईंच्या जुन्या वस्तीतली, तिचं लग्न त्याच हिवाळ्यात त्याच हॉलमध्ये झालेलं. मायलेकींमधला अबोला तिथंच सुटला, कारण टीव्हीच्या पडद्यावर पंगतीच्या मागं मागचं दार दिसलं आणि दोघींनी एकदमच एकमेकींचा हात धरला. जाळीपलीकडं कडीत हे एवढं मोठं कुलूप! जयवंतानं कपाळाला हात लावला. "अगं बाई! मी किती वेळा बघितली ही सीडी, पण माझं ध्यान सगळं साडीकडं!"

मग दोघी दारोदार फिरल्या. काहींनी सीडी दिल्या. काही म्हणाले हरवली. आणि काहींनी, आपल्यासारख्या भल्या माणसांनी बरं का, चहा पाजला, सुस्कारे टाकले आणि हात हलवत परत पाठवलं. जामबागच्या वासंतीबाई आधी त्यांतल्याच. निवृत्त शिक्षिका, यजमानही सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पिढ्यान् पिढ्या हैदराबादेत राहिलेलं प्रतिष्ठित घर. त्यांच्या लेकीचं, अमृताचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं होतं.

"कशाला गं जुनं उकरून काढतेस?" वासंतीबाई म्हणाल्या. "हिम्मतराव आपल्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. गणपतीला येतात. काही झालं तरी आपला माणूस आहे."

"आपला म्हणजे कुणाचा, बाई?" निशिगंधाचा आवाज चढला. "माझे बाबाही त्याला आपलाच म्हणायचे. तुरुंगात गेल्यावर ते कुणाचेच राहिले नाहीत!"

वासंतीबाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ते कुलूप मी पाहिलं होतं. अमृताला तयार करायला मागच्याच खोलीत बसलो होतो आम्ही. मनात आलंही, इथं काही झालं तर? पण म्हटलं, लग्नघर आहे, आपण कशाला वाईटपणा घ्या." त्या उठल्या, कपाट उघडलं आणि सीडी आणून निशिगंधाच्या हातात ठेवली. "मी तेव्हा एक शब्द बोलले असते, तर त्या चौघी असत्या."

त्या सीडीत जे होतं ते अजयनं स्टुडिओत पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. मग त्यानं आपल्या हातानं आपला लाडका 'दोन दिवसां'चा शेवट कापून टाकला.

पत्रकारांच्या खेळाला हिम्मतराव आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आठ-दहा कार्यकर्ते घेऊन. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच उभे राहिले आणि एक मोठा केलेला फोटो वर धरला. "बघा! आगीच्या दोन दिवस आधी मी कुठं होतो? दिवसभर जयंतीच्या मंडपात! आणि मला हार कोण घालतंय? त्याच वॉचमनची बायको! आता सांगा, खोटं कोण?"

पत्रकारांत कुजबुज झाली. कॅमेरे वळले. अजयचा चेहरा पांढरा पडला, कारण सिनेमातून ओळ गेली असली तरी ट्रेलर साऱ्या गावानं पाहिला होता. निशिगंधा उभी राहिली. "ट्रेलरमधली ती ओळ खोटी होती. ती मी लिहिली. चाँद पाशा तसं बोलले नव्हते. मी त्यांची आणि तुम्हा सगळ्यांची माफी मागते."

हिम्मतराव दिलखुलास हसले. आणि तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून पार्वतीबाई उठल्या. "साहेब म्हणतात ते खरं हाय," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "त्या दिवशी ते मंडपातच होते. हार मीच घातला. ज्या माणसानं माझं घर बुडवलं, त्याच्याबद्दल पण मी खोटं बोलणार न्हाई. आता बसा साहेब. पिक्चर बघा."

विरोधकाच्या बाजूनं खरं बोलणाऱ्या त्या बाईकडं सगळं सभागृह बघत राहिलं. पुढं ती जे दाखवणार होती, त्यावर त्या क्षणीच लोकांचा विश्वास बसला होता!

सिनेमा संपत आला. पडदा काळा झाला. चाँद पाशाचा नव्यानं रेकॉर्ड केलेला आवाज आला, पूर्ण, एक शब्द न कापता. परसों म्हणजे हिवाळा, हर शादी में ताला, मॅनेजरकडं किल्ली, दगड मारणारा नागोराव. आणि मग एकामागून एक लग्नं सुरू झाली. जयवंताची पंगत, मागं कुलूप. कुणाचे हळदीचे हात, मागं कुलूप. नाचणारी वरात, हसणारी पोरं, मागं कुलूप. शेवटी अमृताचं लग्न. नगरसेवक हिम्मतराव नवरा-नवरीला आशीर्वाद देऊन मागच्या बाजूला येतात. दाराशी नागोराव हात बांधून उभे. हिम्मतराव जाळीतून कुलपाला हात घालतात, दोनदा ओढून बघतात, पक्कं आहे म्हणून मान डोलावतात आणि जिलबी उचलतात.

 एक तरुण पत्रकार मुलगी ओरडली, "मागे घ्या, पुन्हा दाखवा!" पुन्हा दाखवलं. दोनदा ओढलेलं कुलूप. डोलावलेली मान.

हिम्मतराव उठले. घामानं कपडे अंगाला चिकटले होते. कार्यकर्त्यांकडं बघितलं, तर ते मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेले. कॅमेरे त्यांच्याकडं धावले तसे ते बाजूच्या दाराकडं वळले, गडबडीत दार ढकलायचं ते ओढत राहिले. तेव्हा पार्वतीबाई आपल्या जागेवरून म्हणाल्या, "ढकला साहेब, उघडंच हाय ते. आमच्या बायांना तेवढं बी मिळालं न्हवतं."

हिम्मतरावांची मान खाली गेली. चार लोकांत गेली, कॅमेऱ्यासमोर गेली, आणि पार्वतीबाईंनी ती ह्या डोळ्यांनी पाहिली. बाईंनी काही दया-बिया दाखवली नाही, आणि का दाखवावी? त्यांनी पदर खोचला आणि तो माणूस दाराबाहेर दिसेनासा होईपर्यंत टक लावून बघत राहिल्या.

नागोरावांचा खटला पुन्हा उघडावा म्हणून आता अर्ज गेला आहे. साक्षीदार म्हणून पहिली सही वासंतीबाईंनी केली. निशिगंधा प्रत्येक नव्या सिनेमाच्या वेळी बोलणाऱ्या माणसाला आधी फोन लावते, "चाचा, ताई, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?" असं विचारते आणि मगच ओळ लिहिते. सूड तिला अजूनही हवा आहे. पण त्यासाठी खोट्याचा हात धरायचा नाही, हे ती जन्मभरासाठी शिकली.

आणि लोकहो, आपण काय शिकणार? जुलमी माणसाविरुद्ध लढा, जरूर लढा. पण त्याच्या विरुद्ध आहे म्हणून आलेली कुठलीही थाप पुढं ढकलू नका, कारण तुमची एक थाप त्याची शंभर पापं झाकते. आणि सत्य नेहमी तळघरात दडलेलं नसतं. पुष्कळदा ते आपल्याच लग्नाच्या सीडीत, आपल्याच पाठीमागं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत असतं. आपण जिलबी खात असतो. तेव्हा दाराला कुलूप दिसलं, तर आपला माणूस, लग्नघर, वाईटपणा, सगळं बाजूला ठेवून तिथल्या तिथं ओरडा. आतल्या बायकांना श्वास घेता येतोय तोवर ओरडा!